बिलाशिवाय २५ हजार कमी म्हणतोय, घेऊ का?

प्रश्न: सांगली जिल्ह्यातल्या एका वाचकाने लिहिलंय. घरात ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे, आता दोन चाकी डंपिंग (हौदा उलटून माल ओतणारी) ट्रॉली घ्यायची आहे. कारखान्याचं उसाचं बिल खात्यावर जमा झालंय, त्यामुळे कर्ज काढायचं नाही. डीलरने बिलासह २,८५,००० सांगितले. 'सगळे रोख आणा, बिल मागू नका, मग २,६०,०००' असंही म्हणाला. मेहुण्यांचं मत असं की नोटांची पिशवी टेबलावर ठेवली की तो २,५०,००० लाही तयार होईल. पत्नी म्हणते, बिलाशिवाय काही घरात आणायचं नाही. 'रोखीचा फायदा नेमका किती मागावा? घासाघीस मला जमत नाही, त्यात डीलर ओळखीचा. तोंडावर कसं बोलायचं?'

उत्तर:

तुमच्या पत्रात 'रोख' हा एकच शब्द दोन अर्थांनी आलाय, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. एक रोख म्हणजे हप्ते नाहीत, उधारी नाही, सगळे पैसे एकरकमी. दुसरी रोख म्हणजे नोटा. पहिली तुमची ताकद आहे, दुसरी डीलरची सोय. तो सूट देतोय ती दुसरीवर, आणि तुम्ही धरून चाललात की ती पहिलीवर मिळतेय.

जरा आठवून बघा. कारखान्याने पैसे तुमच्या बँक खात्यावर टाकले. शेतीचं उत्पन्न, त्यावर आयकर नाही, कुणापासून लपवायचं काही नाही. असे सरळ आलेले पैसे बँकेतून काढून, मोजून, पिशवीत घालून दुकानात न्यायचे, हा आग्रह तुमचा नाही. त्याचा आहे. मग या सोयीत त्याचं किती वाचतं हे आधी कळायला हवं.

शेतीसाठीच्या डंपिंग ट्रॉलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, त्याआधी १२ होता. २,८५,००० मध्ये कर धरलेला असेल तर मूळ किंमत झाली २,७१,४२९ आणि कर १३,५७१. म्हणजे संपूर्ण कर बुडवला तरी १३,५७१ सुटतात. तो सोडतोय २५,०००. उरलेले ११,४२९ कुठून आले? ते त्याच्या नफ्यातून आले, आणि बिल फाडलं तरी ते सुटू शकले असते.

पुढचं गणित आणखी बोलकं आहे. ट्रॉली त्याने कंपनीकडून बिलाने घेतली असेल तर तिच्यावरचा जीएसटी खरेदीच्या वेळीच भरला गेलाय आणि विकताना त्याची वजावट मिळते. पदरचा जातो तो फक्त नफ्यावरचा कर. नफा ३०,००० धरला तर १,५०० रुपये. दीड हजार वाचवायला कुणी २५ हजार सोडत नाही. त्याच्या आयकराचं काही वाचत असेल, पण तो तुमचा विषय नाही. तेव्हा दोनच गोष्टी संभवतात: एक तर भावात सुरुवातीपासूनच तेवढी जागा होती, नाहीतर बिलाशिवायची ट्रॉली ही बिलाची ट्रॉलीच नाही.

या दुसऱ्या शक्यतेवर थोडं थांबू, कारण बहुतेकांचं लक्ष तिकडे जातच नाही. दुकानासमोर एकाच रंगाच्या दोन ट्रॉल्या उभ्या असतात. एकीच्या चेसिसवर नंबर ठोकलेला असतो, कंपनीची पाटी असते आणि मॉडेलला पुण्याच्या एआरएआय किंवा सीआयआरटीसारख्या संस्थेची मान्यता असते. दुसरी जवळच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये बनलेली असते. शेडमधली ट्रॉली वाईटच असते असं मुळीच नाही, काही कारागीर कंपनीपेक्षा मजबूत काम करतात. पण तिची किंमत वेगळी, कागद वेगळे, आणि तिची तुलना २,८५,००० शी करायची नाही.

फरक ओळखायला काटा पुरतो. दोन्ही ट्रॉल्या रिकाम्या वजनकाट्यावर न्या, किंवा डीलरकडून मॉडेलचं रिकामं वजन लिहून घ्या आणि डिलिव्हरीच्या दिवशी काटा करा. लोखंडाचा एक मिलिमीटर जाड पत्रा चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो. १० बाय ६ फुटांच्या हौद्याचा तळ साधारण ५.६ चौरस मीटर, म्हणजे तळाचा पत्रा ५ ऐवजी ४ एमएमचा लावला तर ४४ किलो कमी. दोन फूट उंचीच्या चारी बाजूंना एकेक मिलिमीटर खाल्ला तर आणखी ४७ किलो. रंग मारल्यावर डोळ्यांना काहीच दिसत नाही, काट्यावर ९० किलो दिसतात. मुरूम किंवा दगड भरायला लागलात की पहिल्याच वर्षी तळ दोन चॅनलच्या मधे खोलगट होतो, तो याच पातळ पत्र्यामुळे. काटा शक्य नसेल तर व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) घेऊन जा आणि फाळक्याच्या बिजागरीजवळ, जिथे पत्र्याची उघडी कड दिसते, तिथे मोजा. दुमडलेल्या कडेवर मोजू नका, तिथे पत्रा दुहेरी असतो.

टायरही बघा. अशा ट्रॉलीला बहुधा ९.००-१६ चे, १६ प्लायचे टायर असतात. बाजूवर चार आकडे असतात: २३२५ म्हणजे २०२५ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. शेडमधल्या ट्रॉलीला कधीकधी रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) टायर बसवून दिलेले असतात आणि नवा भाव लावलेला असतो. ॲक्सल किती एमएमचा, हबमध्ये बेअरिंग कुठल्या नंबरचं, पाटे किती, हे विचारा आणि लिहून घ्या. उत्तर देताना समोरचा अडखळला तरी चालेल. लिहून द्यायला टाळाटाळ करत असेल तर चालणार नाही.

आता नोटांचं. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात एका माणसाकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. आज एक लाख, उद्या एक लाख, परवा साठ हजार अशी फोड केली तरी व्यवहार एकच धरला जातो. दंड घेणाऱ्याला, आणि तो घेतलेल्या रकमेएवढा. म्हणजे २,६०,००० च्या नोटा घेणारा डीलर स्वतःवर २,६०,००० ची जोखीम घेतो, किंवा, जास्त खरं म्हणजे, तो हा व्यवहार वहीत दाखवणारच नाही. वहीत नसलेल्या विक्रीची तक्रार कुणाकडे करणार? हौदा उचलणाऱ्या जॅकचं सील तिसऱ्या महिन्यात गळलं तर 'ही आमच्याकडची नाही' एवढं म्हणायला त्याला काहीच लागत नाही. ओळखीचा माणूस तसं म्हणणार नाही, असं तुम्हाला वाटत असेल. नसेलही म्हणत. पण दुकान मुलाने किंवा भागीदाराने घेतलं की ओळख आणि जबाबदारी दोन्ही बदलतात.

सगळ्यात महागात पडतं ते पासिंग. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे वाहनच आहे, त्याची वेगळी नोंदणी लागते. त्यासाठी फॉर्म २० चा अर्ज, डीलरने द्यायचं फॉर्म २१ चं विक्री प्रमाणपत्र, निर्मात्याचं फॉर्म २२ आणि बिल. बिल नाही तर फॉर्म २१ नाही, फॉर्म २१ नाही तर पासिंग नाही. बिनपासिंगच्या ट्रॉल्या रस्त्यावर ढीगभर दिसतात हे खरं आहे, आणि रोज काही होत नाही हेही खरं. होतं ते अपघाताच्या दिवशी. रात्री ट्रॉलीमागे मोटारसायकल धडकली की विमा कंपनी आधी ट्रॉलीचा नंबर आणि पॉलिसीत तिची नोंद शोधते. ती सापडली नाही तर मोटार अपघात न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई तुमच्या सातबाऱ्यापर्यंत येऊ शकते. त्यासमोर २५ हजार काहीच नाहीत. या मुद्द्यावर तुमच्या पत्नी शंभर टक्के बरोबर आहेत.

एक गोष्ट पत्रात नाही: ट्रॉली फक्त स्वतःच्या शेतमालासाठी, की शेजाऱ्यांचा ऊस भाड्याने ओढायचाही विचार आहे? भाडं करायचं असेल तर शेतीची नोंदणी आणि शेतीचा विमा पुरत नाही. हे आत्ताच ठरवा, कारण कोटेशन, कर आणि विमा तिन्ही त्यावर बदलतात.

आता भाव. मेहुण्यांच्या पिशवीमागे एक जुना समज आहे: एकरकमी गिऱ्हाईक दुकानदाराला सगळ्यात लाडकं. किराणा दुकानात 'आज रोख, उद्या उधार'ची पाटी असते तिथे ते खरं होतं. वाहनाच्या दुकानात आता तसं उरलेलं नाही. कर्जाची फाइल करून दिली की फायनान्स कंपनी डीलरला कमिशन देते, आणि पैसे तर त्याला दोन्हीकडून एकरकमीच मिळतात. म्हणजे हप्त्याचं गिऱ्हाईक त्याला कधीकधी तुमच्यापेक्षा जास्त मिळवून देतं. म्हणून आत गेल्या गेल्या 'रोख घेणार आहे, बोला किती कमी' असं सुरू करू नका. तो विचारेलच, 'रोख की फायनान्स?' उत्तर साधं ठेवा: 'आधी किंमत ठरू दे, मग बघू.' यात खोटं काही नाही.

काहीजण सुचवतील की फायनान्सवर घेऊन सूट पदरात पाडा आणि महिन्याभरात कर्ज फेडून टाका. ट्रॉलीच्या रकमेला हे जमत नाही. प्रोसेसिंग फी, मुदतीआधी फेडण्याचा आकार आणि नंतर बोजा उतरवायला फॉर्म ३५ घेऊन आरटीओचे हेलपाटे यात सूट वितळून जाते.

तुमच्या हातात खरा पत्ता आहे तो डीलरनेच दिलाय. २,६०,००० त्याला मान्य आहेत, हे तो स्वतःच्या तोंडाने बोललाय. त्यावर ५ टक्के जीएसटी १३,०००. म्हणजे पक्क्या बिलासह २,७३,०००. हा तुमचा वरचा आकडा. याच्या वर जायचं नाही. त्याआधी त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलचं कोटेशन शेजारच्या तालुक्यातल्या डीलरकडून आणा, लेखी, एचएसएन कोडसह (जीएसटीत वस्तूचा प्रकार आणि कराचा दर ओळखायचा आकडा). शेतीच्या डंपिंग ट्रॉलीचा कोड ८७१६२०००. कोटेशनवर दुसराच कोड आणि १८ टक्के दिसले तर का ते विचारा. साधी, न उलटणारी ट्रॉली या ५ टक्क्यांत बसत नाही. तिकडचा आकडा २,७३,००० पेक्षा कमी आला तर वाहतूक धरून तोच तुमचा वरचा आकडा.

दुकानात पहिला प्रश्न एवढाच: 'ट्रॉली माझ्या दारात, पासिंग होऊन, विम्यात नोंदवून, पक्क्या बिलासह, एकूण किती?' एकच आकडा मागा. कारण २,८५,००० ठरवून घरी आलात की मागून हँडलिंग, लॉजिस्टिक, आरटीओ खर्च, नंबरप्लेट अशी शेपटं निघतात. आरटीओची फी सरकारी असते आणि ऑनलाइन पावती निघते. 'पावतीवर जेवढे तेवढे देतो' म्हणा. पावतीच्या वरचं जे काही असेल ते डीलरचं आहे, त्यामुळे त्यावर बोलता येतं.

घासाघीस जमत नाही म्हणता. जमायला फार काही लागत नाही, गप्प बसता आलं की निम्मं काम होतं. आकडा सांगायचा, कारण एका वाक्यात सांगायचं आणि थांबायचं. 'शेठ, २,६२,००० बिलासह. पैसे डिलिव्हरीच्या दिवशी खात्यावर.' पुढे बोलू नका. शांतता झाली की आपणच घाबरून दोन हजार वाढवतो, ती सवय मोडायची. तो २,८०,००० वर आला तर तुम्ही २,६७,०००, मग २,७०,०००, मग २,७१,५००. पायऱ्या लहान होत गेल्या की समोरच्याला कळतं, आता तळ आलाय. पाच-पाच हजारांच्या सारख्या पायऱ्या चढत गेलात तर तो सहाव्या पायरीची वाट बघत बसतो. अडलंच तर बिलाशिवायचा आकडा त्याच्यासमोर कागदावर लिहा, खाली १३,००० मिळवा, बेरीज करा आणि कागद त्याच्याकडे सरकवा. आवाज चढवायची, 'तुम्ही असं कसं' म्हणायची गरज नाही. आणि 'एकरकमी, आजच' हे वाक्य सगळ्यात शेवटी, शेवटच्या दोन हजारांसाठी राखून ठेवा. सुरुवातीला टाकलं तर ते गृहीत धरलं जातं.

ओळखीचा संकोच असेल तर पत्नीला बरोबर न्या. 'घरात बिलाशिवाय चालत नाही' हे तुम्ही म्हणालात तर सबब वाटते, त्या समोर बसल्या असतील तर विषय तिथेच संपतो. मेहुण्यांना या वेळेस घरी राहू दे.

पैशात पुढे सरकत नसेल तर वस्तूंत मागा. डीलरला या गोष्टी घाऊक भावात पडतात, तुम्हाला किरकोळीत घ्याव्या लागतील, म्हणून तिथे तो सैल पडतो. स्टेपनी रिमसह ही पहिली मागणी. मग मागचे दिवे वायरिंग आणि ट्रॅक्टरला जोडायच्या सॉकेटसह, तिन्ही बाजूंनी रिफ्लेक्टर पट्टी, हुकाला सुरक्षा साखळी, जॅकचा होज तुमच्या ट्रॅक्टरला बसणाऱ्या कपलिंगसह. शेवटचं फुटकळ वाटतं, पण ट्रॅक्टरच्या बाहेरच्या हायड्रॉलिक पॉइंटला कपलिंग बसलं नाही तर ट्रॉली घरी येऊन उलटतच नाही. जे ठरेल ते कोटेशनवर हाताने का होईना लिहून सही घ्या. 'देतो की, काय काळजी करता' ही पावती नव्हे.

वेळेचंही थोडं. गाळप सुरू व्हायच्या तोंडावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरला, ट्रॉलीला मागणी असते आणि भाव ताठ. भर पावसात दुकान ओस असतं. महिनाअखेरही बरी, टार्गेटला एखादं नग कमी पडत असेल तर. तुम्हाला दोन-तीन महिने थांबता येत असेल तर तेच सांगून उठा. उठून जाता येणं हाही भावच आहे. अनुदानाचा विचार डोक्यात असेल तर तालुका कृषी कार्यालयात आधी विचारा. महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर) पूर्वसंमती येण्याआधी घेतलेल्या अवजाराला अनुदान मिळत नाही, आणि बिल तर लागतंच. सोसायटीचं पीककर्ज बाकी असेल तर खातं रिकामं करण्याआधी तेही बघा: ३ लाखांपर्यंतचं मुदतीत फेडलं तर व्याज शून्य पडतं, ट्रॉलीच्या नादात मुदत हुकली तर व्याज सुरू.

भाव ठरला की विसार १०,००० पुरे. विसार पावतीवर चेसिस नंबर, मॉडेल, एकूण रक्कम, डिलिव्हरीची तारीख आणि तारीख चुकली तर विसार परत, एवढं हवंच. 'निम्मे बिलात, निम्मे वरून' अशी नवी तडजोड पुढे आली तर तीही नको, विम्यात आणि पुढे विकताना कमी दाखवलेली किंमतच धरली जाते.

डिलिव्हरीच्या दिवशी पैसे आधी पाठवू नका. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडा, जमेल तर थोडा माल भरून जॅक पूर्ण वर घ्या आणि दहा मिनिटं तसाच ठेवा. हौदा हळूहळू खाली येत असेल किंवा सिलिंडरच्या तोंडाशी तेल दिसत असेल तर तिथेच थांबा. हौदा वर असताना टेकू दिल्याशिवाय खाली वाकून बघू नका, डीलरचा माणूस वाकला तरीही. मग बिलावरचा चेसिस नंबर आणि चेसिसवर ठोकलेला नंबर एकेक आकडा जुळवा. फॉर्म २१ आणि २२ वर तोच आहे का तेही बघा. नंतर आरटीजीएस करा. ते २ लाखांपासून पुढे चालतं, आणि हल्ली रविवारीही होतं. खात्याचं नाव बिलावरच्या फर्मचंच असलं पाहिजे. 'कंपनीच्या खात्याला अडचण आहे, माझ्या नावावर टाका' असं ऐकू आलं तर ट्रॅक्टर मोकळा करून घरी न्या, ट्रॉली तिथेच राहू दे.